रेताड मातीवर रंगवलेले चित्र

लंडनच्या टेट कलासंग्रहात एका जुन्या बुटांच्या जोडीचे तैलचित्र आहे. चामडे सुरकुतलेले, तळवे झिजलेले, नाळ्या सैल सुटलेल्या. विल्यम निकल्सन या चित्रकाराने १९२० मध्ये ते काढले. खरे तर त्याला काम मिळाले होते ते त्या बुटांच्या मालकिणीचे व्यक्तिचित्र काढण्याचे. पण दिवसाउजेडी चित्रासाठी बसून राहण्यास बाईंची तयारी नव्हती. उजेड होता तोवर बागेतली कामे उरकायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे निकल्सन यांना संध्याकाळच्या वेळेवर समाधान मानावे लागले आणि दिवसाच्या रिकाम्या वेळेत त्यांनी बागेत वापरले जाणारे ते बूटच रंगवून टाकले. आज व्यक्तिचित्राइतकेच बुटांचे चित्रही प्रसिद्ध आहे.

हे बूट गर्ट्रूड जीकल यांचे. इंग्लंडच्या उद्यानकलेला नवे वळण देणाऱ्या या बाईंनी आयुष्यभरात चारशेच्या आसपास बागांचे आराखडे केले, डझनभर पुस्तके लिहिली आणि नियतकालिकांतून हजाराहून अधिक लेख प्रसिद्ध केले. मात्र या कर्तृत्वाच्या मुळाशी दोन उणिवा होत्या. एक, दिवसेंदिवस अधू होत जाणारी दृष्टी. आणि दुसरी, पाणी धरून न ठेवणारी रेताड जमीन. या दोहोंशी जीकल यांनी जो समझोता केला, त्यातूनच त्यांची बाग उभी राहिली.

२९ नोव्हेंबर १८४३ रोजी लंडनच्या मेफेअर भागात एका सधन कुटुंबात गर्ट्रूडचा जन्म झाला. वडील एडवर्ड जीकल हे सैन्यात कॅप्टन होते. सात भावंडांत तिचा क्रमांक पाचवा. ती पाच वर्षांची होत असताना कुटुंब सरे परगण्यातील ब्रॅम्ली या गावी राहावयास गेले. गावाभोवतीची कुरणे, ओढे, वाळूत कापलेल्या खोलगट पायवाटा आणि शेतमजुरांच्या झोपड्यांपुढील फुलझाडांचे छोटे वाफे हीच तिची पहिली शाळा ठरली. तिचा धाकटा भाऊ वॉल्टर हा पुढे धर्मोपदेशक झाला. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचा मित्र होता. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या कथेतील डॉक्टरसाठी स्टीव्हन्सनने या कुटुंबाचे आडनाव उसने घेतले. आपल्याकडे ते 'जेकिल' असे रुळले. घरात मात्र त्याचा उच्चार 'जीकल' असाच होत असे.

गर्ट्रूडला चित्रकार व्हायचे होते. चांगल्या घरातील मुलींनी विवाहाची वाट पाहत विणकाम करावे, अशी अपेक्षा असण्याच्या त्या काळात १८६१ मध्ये तिने साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत प्रवेश घेतला. टर्नरच्या चित्रांतील प्रकाशाने तिला भारून टाकले होते. रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारांचा ठसाही तिच्यावर उमटला. हाताने केलेल्या कामाला प्रतिष्ठा असते, ही त्या विचारांची शिकवण तिने अक्षरशः अंगीकारली. चित्रकलेबरोबरच भरतकाम, लाकडावरील कोरीव काम, चांदीकाम अशा अनेक कला तिने हस्तगत केल्या.

१८६३ च्या शरद ऋतूत ब्रिटिश म्युझियममधील पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटन आणि त्यांच्या चित्रकार पत्नी मेरी यांच्यासमवेत ती पूर्व भूमध्य प्रदेशाच्या प्रवासास निघाली. ऱ्होड्स, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स असा तो प्रवास होता. इंग्लंडच्या ओलसर हिरवाईत वाढलेल्या या वीस वर्षांच्या मुलीने तेथे प्रथमच उन्हाने भाजून निघालेले खडकाळ उतार पाहिले. उन्हाळ्यात महिनोन् महिने पावसाचा थेंब नाही, माती नावापुरती, आणि तरीही रोझमेरी, लॅव्हेंडर, सेज अशा सुगंधी झुडपांनी डोंगर भरलेले. वनस्पती पाण्याच्या विपुलतेवरच जगते असे नाही, हा धडा तिने तेथे डोळ्यांनी पाहिला. तो उपयोगी पडण्यास मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

१८७३-७४ चा हिवाळा त्यांनी अल्जीरियात काढला. स्त्रीशिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या बार्बरा बोदिशॉन यांचे अल्जिअर्स येथे घर होते. गावाबाहेरच्या ओसाड टेकड्यांवर जीकल यांना ऐन हिवाळ्यात फुललेला निळसर जांभळा आयरिस आढळला. पुढे स्वतःच्या बागेत त्याची लागवड करताना त्यांना एक चमत्कारिक अनुभव आला. कसदार जमिनीत लावलेली रोपे भरभरून पाने देत, पण फुले देत नसत. त्याच रोपांना उन्हाकडे तोंड करून असलेल्या भिंतीच्या पायथ्याशी, निकस आणि कोरड्या मातीत जागा दिली की ती फुलू लागत. अतिलाड हाच त्यांच्या फुलण्यातला अडसर होता. आज हे कोणताही जाणता माळी सांगेल. पण खत आणि पाणी म्हणजेच बागकाम, असे समजले जाणाऱ्या त्या काळात हा विचार नवा होता.

त्या काळच्या इंग्लंडमधील धनिकांच्या बागा म्हणजे गालिचे असत. हजारो मोसमी रोपे काचगृहात कोळशाच्या उबेवर वाढवायची, भौमितिक वाफ्यांमध्ये ओळीने लावायची, फुलांचा बहर ओसरताच उपटून फेकायची आणि पुन्हा नवी लावायची. रंग भडक, खर्च अफाट आणि पाण्याची चैन. याविरुद्ध विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्याने लेखणी उगारली होती. वर्षानुवर्षे एकाच जागी टिकणारी, दरवर्षी नव्याने फुटून येणारी बहुवर्षायू फुलझाडे लावा, त्यांना मानवेल अशाच जागी लावा, असा त्याचा आग्रह होता. १८७५ मध्ये जीकल यांची रॉबिन्सनशी त्याच्या साप्ताहिकाच्या कचेरीत भेट झाली आणि लवकरच त्या तेथे लिहू लागल्या. रॉबिन्सनने विचार मांडला होता. त्याला रंगांची भाषा जीकल यांनी दिली.

१८७६ मध्ये वडिलांचे निधन झाले. मधली काही वर्षे बर्कशर परगण्यात काढलेल्या जीकल यांचे मन तेथे रमले नव्हते. आईसह त्या पुन्हा सरेमध्ये परतल्या आणि गोडाल्मिंग गावाजवळ मन्स्टेड येथे त्यांनी घर केले. १८८३ च्या सुमारास त्याच रस्त्यापलीकडची पंधरा एकरांची त्रिकोणी जमीन त्यांनी विकत घेतली. हेच पुढे जगप्रसिद्ध झालेले मन्स्टेड वुड. जमीन कसली, तो वाळूचा माळ होता. हेदरची खुरटी झुडपे, बर्च आणि पाइन यांखेरीज तेथे फारसे काही नव्हते. पाऊस पडला की पाणी चाळणीतून जावे तसे खाली निघून जाई आणि उन्हाळ्यात आठवडाभर पावसाने दडी मारली तरी माती भुकटीसारखी होई. दुसऱ्या कोणी ही जमीन नाकारली असती. जीकल यांनी आधी बाग वसवली आणि त्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी तेथे घर बांधले.

या दरम्यान त्यांच्यावर मोठा आघात झाला. दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. जवळचे तेवढे स्पष्ट दिसे, दूरचे सारे पुसट. वय वाढले तसा दोष वाढत गेला, डोळे दुखू लागले. १८९१ मध्ये त्या जर्मनीतील वीसबाडेन येथे विख्यात नेत्रतज्ज्ञ पागेनश्टेखर यांच्याकडे गेल्या. डोळे वाचवायचे असतील तर चित्रकला आणि भरतकाम ही बारीक नजरेची कामे सोडावी लागतील, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्या वेळी जीकल ४७ वर्षांच्या होत्या. तीस वर्षांची साधना एका भेटीत संपली होती.

कुंचला सुटला, पण रंग सुटले नाहीत. ज्या डोळ्यांना दूरचे तपशील दिसत नव्हते, त्यांना रंगांचे मोठे पुंजके मात्र उत्तम जाणवत. एकेका फुलाची मांडणी करण्याऐवजी त्या एकाच जातीची अनेक रोपे लांबट, वाहत्या आकाराच्या पट्ट्यांमध्ये लावू लागल्या. एक पट्टा दुसऱ्यात मिसळत जाई, जणू ओल्या कागदावर रंग पसरावा. मन्स्टेडमधील त्यांचा मुख्य फुलपट्टा सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. मागे ११ फूट उंचीची वालुकाश्माची भिंत. दोन्ही टोकांना राखाडी पानांची झाडे आणि पांढरी, फिकट पिवळी फुले. मध्याकडे जाताना पिवळा गडद होई, त्याचा केशरी होई आणि ऐन मध्यावर लाल रंगाचा भडका उडे. तेथून पुन्हा उतरण लागून शांत जांभळ्यापाशी शेवट.

या मुख्य पट्ट्यातील जमीन त्यांनी खोल खणून, खत घालून सुधारली होती, हे येथे सांगायला हवे. पण साऱ्या पंधरा एकरांची माती कोणी बदलू शकत नाही. उरलेल्या उन्हाळ जागांसाठी त्यांनी भूमध्य प्रदेशाची आठवण जागवली. लॅव्हेंडर, सँटोलिना, मेंढीच्या कानासारख्या मऊ पानांची स्टॅकिस, निळसर काटेरी गोळ्यांचा एकिनॉप्स, ढगासारखी पांढरी जिप्सोफिला, तलवारीसारख्या पानांचा युक्का अशी मंडळी एकत्र आणून त्यांनी चक्क राखाडी रंगाची बाग केली. केशरी आणि पिवळ्या फुलांनी डोळा भरला की मग या बागेत प्रवेश करावा, अशी त्यांची सूचना असे. उष्ण रंगांनी थकलेल्या नजरेला मग साधी राखाडी पानेही निळी-जांभळी भासतात. चित्रकाराचे हे ज्ञान त्यांनी मातीत वापरले.

या झाडांचा राखाडी रंग हा केवळ शोभेचा नाही. पानांवरील बारीक पांढरी लव सूर्यप्रकाश परतवते आणि पानालगतची हवा स्थिर ठेवते, त्यामुळे बाष्प कमी उडते. काहींची पाने सुईसारखी अरुंद असतात, काहींची मेणचट, तर काहींची मुळे खोलवर जाऊन ओल शोधतात. अशा झाडांना खरा धोका उन्हाळ्याचा नसतो, तर हिवाळ्यात मुळांशी साचणाऱ्या पाण्याचा असतो. मन्स्टेडची वाळू ते साचू देत नसे. जमिनीचा दोष म्हणून जे सर्वांना दिसत होते, तेच या झाडांसाठी वरदान होते.

बहुवर्षायू झाडांची एक अडचण असते. त्यांचा बहर काही आठवड्यांचा आणि त्यानंतर जागा उघडी पडते. जीकल यांनी यावर युक्ती काढली. वसंतात फुलून वाळून जाणाऱ्या पौर्वात्य पॉपीशेजारी त्या जिप्सोफिला लावत. पॉपीची पाने करपू लागेपर्यंत जिप्सोफिलाचा ढग ती जागा झाकून टाके. जिप्सोफिला तपकिरी पडली की तिच्यावर नॅस्टर्शियमचे वेल सोडले जात. नवे रोप न आणता, पट्टा न उपटता एकच जागा वसंतापासून शरद ऋतूपर्यंत नांदती राही.

त्यांचा दुसरा आवडता प्रयोग म्हणजे कोरड्या दगडी भिंतीतील बाग. चुना न वापरता रचलेल्या भिंतीत दगडांच्या मध्ये माती भरायची, दगड किंचित मागे झुकते ठेवायचे म्हणजे पावसाचे पाणी आत मुरते, आणि भिंत रचतानाच सांदीत रोपे बसवत जायचे. झाडाचा माथा कोरडा आणि तापलेला, तर मुळे दगडांच्या मागच्या गारव्यात. भर उन्हातील भिंतही त्यामुळे फुलांनी झाकली जाते. १९०१ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकच लिहिले.

१८८९ मध्ये एका परिचितांकडील चहापानाच्या प्रसंगी जीकल यांना एक वीस वर्षांचा होतकरू वास्तुरचनाकार भेटला. त्याचे नाव एडविन लटियन्स. बाई ४५ वर्षांच्या. वयातील अंतर आड न येता दोघांची गट्टी जमली. तट्टाच्या गाडीतून सरेच्या आडवाटा तुडवत त्यांनी जुनी घरे, भिंती, छपरे, दगडांचे सांधे पाहिले. मन्स्टेड वुडचे घर लटियन्स यांनीच बांधले. जीकल १८९७ मध्ये तेथे राहायला गेल्या. पुढे या जोडीने शंभरच्या आसपास बागांवर एकत्र काम केले. बांधीव रचना त्यांची, लागवड बाईंची. नवी दिल्ली वसवणारे आणि आजच्या राष्ट्रपती भवनाची वास्तू उभारणारे लटियन्स ते हेच. घर आणि बाग हे एकच शिल्प आहे, हे भान त्यांना आले ते दिल्लीच्या कितीतरी आधी, सरेच्या या वाळूवर.

सॉमरसेट परगण्यातील हेस्टरकोम येथील १९०४ ते १९०८ या काळातील बाग हा त्यांच्या एकत्रित कामाचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. तेथील दगडी गच्च्या दक्षिणेकडे तोंड करून ऊन झेलतात. त्यांच्या कडेने लॅव्हेंडर, सँटोलिना, कॅटमिंट, स्टॅकिस यांच्या राखाडी रांगा आहेत आणि पायऱ्यांच्या फटींतून मेक्सिकोतील एरिजेरॉनची चिमुकली पांढरी-गुलाबी फुले आपसूक डोकावतात.

१८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीस साठ वर्षे झाली. त्यानिमित्त रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने साठ जणांना सन्मानपदक दिले. त्या साठांत स्त्रिया दोनच होत्या. जीकल त्यांपैकी एक. वय आणि दृष्टी यांमुळे पुढे प्रवास कमी झाला, तरी काम थांबले नाही. दूरच्या ग्राहकांकडून त्या जागेचा नकाशा आणि मातीचा नमुना मागवीत. जागा न पाहताही माती पाहिल्याशिवाय त्या यादी करीत नसत. इंग्लंडबाहेर अमेरिकेतील काही बागांचे आराखडेही त्यांनी असेच घरबसल्या केले. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधील ब्रिटिश सैनिकांच्या काही दफनभूमींच्या लागवडीचे आराखडेही त्यांनी केले. परक्या मातीत चिरनिद्रा घेणाऱ्या तरुणांच्या उशाशी गावाकडची साधी फुले फुलावीत, एवढाच त्यामागचा हेतू होता.

जीकल यांनी विवाह केला नाही. त्या श्रीमंत होत्या, मदतीला माळी होते, हे खरेच. मात्र बूट त्यांचे स्वतःचे झिजले होते. सप्टेंबर १९३२ मध्ये धाकटे बंधू हर्बर्ट यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ८ डिसेंबर १९३२ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी मन्स्टेड वुड येथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. जवळच्या बसब्रिज येथील चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. तिची रचना लटियन्स यांनीच केली. कलावंत, उद्यानकार आणि कारागीर अशी त्यांची ओळख तेथे कोरलेली आहे. त्यातही चित्रकला सुटलेल्या या बाईंची कलावंत ही ओळख लटियन्स यांनी पहिल्या स्थानी ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यानंतर त्यांच्या वाट्याला विस्मृती आली. १९४८ मध्ये मन्स्टेड वुड विकले गेले आणि जमिनीचे तुकडे झाले. बहुतेक बागा नष्ट झाल्या. त्यांचे आराखडे अमेरिकन उद्यानकार बिअट्रिक्स फॅरंड यांनी विकत घेतले, म्हणून वाचले. ते आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संग्रहात आहेत. हेस्टरकोमचे जुने नकाशे तेथीलच कुंड्यांच्या खोलीत सापडले आणि १९७३ पासून ती बाग पुन्हा उभी करण्यात आली. २०२३ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने मन्स्टेड वुड विकत घेतले. त्यांच्या बागेतील बुटका, गडद 'मन्स्टेड' लॅव्हेंडर आणि त्यांचे नाव धारण करणारी निळी 'मिस जीकल' नायजेला ही मात्र या साऱ्या काळात जगभरच्या वाफ्यांतून फुलतच राहिली. ही नायजेला म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील कलौंजीचीच चुलत बहीण.

जीकल यांच्या झाडांची यादी आपल्याकडे जशीच्या तशी उतरवून घेण्यात अर्थ नाही. कोरड्या उन्हाचा लॅव्हेंडर आपल्या चार महिन्यांच्या पावसात मुळांशी कुजतो. घेण्यासारखी आहे ती त्यांची रीत. आधी माती हातात घेऊन पाहायची, ऊन कोठून येते आणि पाणी कोठे जाते ते पाहायचे आणि मग तशा जागी मूळचेच राहणारे झाड शोधायचे. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर हिरवळ जगवण्यापूर्वी एवढा विचार कोणत्याही सोसायटीला करता येईल.

जे हातात नाही त्यावर कुढण्यापेक्षा जे उरले आहे त्याचे गुण ओळखावेत, हे सांगायला सोपे आहे. जीकल यांनी ते वाळूच्या माळावर, अधू डोळ्यांनी, पन्नास वर्षे रोज करून दाखवले. निकल्सन यांनी रंगवलेले ते झिजलेले बूट त्याची साक्ष देत अजूनही टेटमध्ये आहेत.